फायबर तुटलं, फोर-जी चालू होतं, तरी फायरवॉलनं लाईन बदललीच नाही (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

टॉवेलवाला | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. हिशेब, डिस्पॅच आणि कॉम्प्युटर, तिन्ही माझ्याकडे. काल जे घडलं ते सविस्तर लिहितो, कारण चूक नेमकी कुठं झाली हे मला अजून कळलेलं नाही आणि ती परत होऊ द्यायची नाही.

चार लॅन पोर्टचा एक छोटा पीसी आहे, त्यावर पीएफसेन्स हे सॉफ्टवेअर टाकून फायरवॉल केलाय, ऑफिसचं सगळं नेट त्यातूनच जातं. पहिली लाईन फायबर, दुसरी सिमकार्डचा फोर-जी राऊटर. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही गेटवेंचा (गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार) ग्रुप केला: फायबर टियर १ म्हणजे आधी, फोर-जी टियर २ म्हणजे ते पडलं तर. डिफॉल्ट गेटवे म्हणून तो ग्रुपच निवडला. मग फायरवॉलच्या मागची फायबरकडची केबल काढून बघितली. दोन-तीन सेकंदांत नेट फोर-जीवर आलं. केबल लावली, परत फायबरवर गेलं. मालकांना बोलावून दाखवलं.

काल दुपारी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं. ओएनटीवर (फायबरच्या डब्यावर) लाल दिवा. फोर-जी राऊटर चालू, सिममध्ये डेटा शिल्लक, तरी ऑफिसात नेट नाही. हैदराबादची गाडी भरून गेटवर उभी. माल पन्नास हजारांच्या कितीतरी वरचा, म्हणजे ई-वे बिलाशिवाय (सरकारी पोर्टलवर काढायचा माल वाहतुकीचा कागद) गाडी हलवता येत नाही. आमची उलाढाल ५ कोटींच्या पुढं आहे, त्यामुळं त्याआधी ई-इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीचं बिल पोर्टलवर नोंदवणं. टॅली आतल्या सर्व्हरवर असल्यानं ती नीट उघडत होती, म्हणून पोरांना वाटलं पोर्टलच बंद आहे. ते थांबले. मी डाईंगला (रंगाई खात्यात) होतो, तिथल्या आवाजात फोन ऐकू येत नाही. दोन तासांनी आलो, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, पाच मिनिटांत बिल निघालं. तोवर क्लीनर सावली शोधत गाडीखाली जाऊन झोपला होता. ते बघून फार वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की फायरवॉलच्या डॅशबोर्डवर फायबरचा गेटवे शेवटपर्यंत हिरवा होता. ऑनलाईन!

विजापूर वेस | शुक्रवार, रात्री १०.१५

हिरवा होता, तिथंच उत्तर आहे. फायरवॉलला फायबरच्या बाजूनं कुठला आयपी मिळतो, आणि गेटवे काय दिसतो?

टॉवेलवाला | शुक्रवार, रात्री १०.२२

आयपी १९२.१६८.१.५, गेटवे १९२.१६८.१.१.

विजापूर वेस | शुक्रवार, रात्री १०.५८

मग झालं ते असं. तुमचा ओएनटी, म्हणजे फायबर ज्या डब्यात येतं तो, राऊटर मोडमध्ये आहे. १९२.१६८.१.१ हा त्या डब्याचाच पत्ता.

पीएफसेन्समध्ये डीपिंगर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो दर अर्ध्या सेकंदाला प्रत्येक गेटवेला पिंग करतो (आहे का, असं विचारतो) आणि मागच्या साठ सेकंदांचा हिशेब ठेवतो. २० टक्के पिंग हरवले किंवा उत्तराला सरासरी ५०० मिलिसेकंदांच्या वर वेळ लागला, की गेटवे डाऊन. पण पिंग कुणाला करायचं हे तुम्ही सांगितलं नाही तर तो समोरच्या गेटवेलाच करतो. तुमच्या बाबतीत म्हणजे टेबलावरच्याच डब्याला. रस्त्यावर फायबर तुटलं तरी डब्याला वीज आहे, तो उत्तर देत राहणार. गेटवरच्या वॉचमनला विचारायचं, "आहेस का?" आणि तो "आहे" म्हणाला की हैदराबादपर्यंतचा रस्ता मोकळा धरायचा, तसा हा प्रकार.

तुमची चाचणी म्हणूनच पास झाली. केबल काढल्यावर पोर्टची लिंकच गेली आणि फायरवॉलला लगेच समजलं. प्रत्यक्षात तशी केबल कुणी काढत नाही. तुटतं ते पलीकडं, रस्त्यावर नाहीतर खांबावर.

आता करायचं काय. सिस्टीम, रूटिंग, गेटवेज. फायबरचा गेटवे उघडा आणि मॉनिटर आयपीच्या रकान्यात बाहेरचा, पिंगला उत्तर देणारा पत्ता टाका. फोर-जीच्या गेटवेला दुसरा टाका. दोघांना एकच पत्ता चालत नाही, कारण पीएफसेन्स त्या पत्त्याचा रस्ता त्या-त्या लाईनला बांधून टाकतो.

मग चाचणी अशी करा: फायरवॉलच्या केबलला हात लावू नका. ओएनटीच्या खाली हिरव्या टोकाची बारीक पॅच कॉर्ड असते, ती हलक्या हातानं काढा. टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका, लगेच टोपण घाला. कॉर्ड फार वाकवूही नका. लाल दिवा लागला की मोबाईलवर स्टॉपवॉच सुरू करा.

आणखी एक. फोर-जी राऊटरचा पत्ता काय आहे? बऱ्याच डब्यांचा कारखान्यातून येतानाच १९२.१६८.१.१ असतो. दोन्ही लाईनचे, किंवा एक लाईन आणि तुमचं आतलं लॅन, यांचे पत्ते एकाच मालिकेत असतील तर फायरवॉल गोंधळतो.

टॉवेलवाला | शुक्रवार, रात्री ११.१०

फोर-जीचा १९२.१६८.८.१ आहे, आणि आतलं लॅन १०.१०.१० मालिकेत. म्हणजे तिथं ठीक. उद्या जेवणाच्या सुट्टीत चाचणी घेतो. खरंच मनापासून आभार.

वॉर्पिंग | शनिवार, सकाळी ७.३५

मालक, आमच्याकडं बी हेच झालतं. आमचा राऊटर मायक्रोटिकचा आहे. दोन डिफॉल्ट रूट, एकाचं डिस्टन्स १, दुसऱ्याचं २ (कमी आकडा आधी), आणि चेक-गेटवेला पिंग. माझी समजूत होती काम झालं. पण ते चेक-गेटवे बी फक्त पुढच्या डब्यालाच दर दहा सेकंदाला विचारतंय. दोनदा उत्तर आलं नाही तरच रूट सोडतंय. डबा मेला तर उपयोग, लाईन मेली तर काय नाही.

मग एका जाणकारानं रिकर्सिव्ह रूट शिकवला. आधी बाहेरच्या एका पत्त्याचा रूट फायबरच्या डब्यातून काढायचा, आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून तो बाहेरचा पत्ता द्यायचा. स्कोप, टार्गेट स्कोप ही रूटची दोन सेटिंग नीट बसवावी लागतेत, तिथं माझी एक रात्र गेली. आता चेक-गेटवे थेट बाहेरच्या पत्त्याला विचारतंय.

दवाखाना | शनिवार, सकाळी ९.०५

जुळे सोलापुरात माझा दवाखाना आहे. तुमच्या धाग्यात एक वेगळी गोष्ट घालाविशी वाटते, कारण आमचं फायरवॉलचं सगळं बरोबर होतं आणि तरी आम्ही अंधारात बसलो.

आमच्या दोन लाईन होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन्ही फायबर. मॉनिटर आयपी बरोबर, चाचणीही पॅच कॉर्ड काढूनच केलेली. गळीत हंगामात एके संध्याकाळी उसाची ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी वळली. ऊस एवढा वर रचलेला की लोंबणाऱ्या केबल त्यात अडकल्या आणि ट्रॉलीनं त्या ओढत नेल्या. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून आलेल्या होत्या! बिलं दोन भरत होतो, वाट एकच होती. रिपोर्ट लॅबकडून मेलवर येतात, ते सगळे अडकले. आठ-दहा पेशंटना उद्या या म्हणून सांगावं लागलं, त्यातले दोघं मोहोळहून आले होते.

आता एक फायबर पुढच्या रस्त्यानं, दुसरं मागच्या बोळातून, आणि तिसरं सिम. लाईन घेण्याआधी केबल टाकणाऱ्या माणसाबरोबर स्वतः चालत जाऊन कुठल्या खांबावरून येते ते बघावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. कंपनीच्या नावावर जाऊ नका.

विजापूर वेस | शनिवार, सकाळी ९.३०

डॉक्टर, अगदी बरोबर. सिमवरही पूर्ण विसंबू नका. मोबाईलचा टॉवर शेवटी फायबरलाच जोडलेला असतो. खोदकाम मोठ्या रस्त्यावर झालं तर कधीकधी टॉवरही त्याच फटक्यात जातो. तरी गल्लीतल्या तुटण्यावर सिम हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

टॉवेलवाला | शनिवार, दुपारी २.५०

चाचणी झाली. फायबरला ८.८.८.८ आणि फोर-जीला १.१.१.१ मॉनिटर दिला. १ वाजून १२ मिनिटांनी पॅच कॉर्ड काढली. डिस्पॅचचा पोरगा स्टॉपवॉच धरून, मी पिंगच्या खिडकीसमोर. पिंग थांबले. आठ सेकंद, दहा, बारा. छातीत धडधडायला लागलं. पंधराव्या सेकंदाला पहिलं उत्तर आलं आणि डॅशबोर्डवर फायबर लाल झाला.

पण दोन गोष्टी बिघडल्या.

एक: अकरा कॉम्प्युटरपैकी तिघांवर वेबसाईट उघडेनात. बाकी आठ ठीक.

दोन: टेबलावरचे आयपी फोन मुके झाले. नेट होतं, फोन नव्हता. फायबर परत जोडल्यावर आपोआप सुरू झाले.

विजापूर वेस | शनिवार, दुपारी ३.२०

पंधरा सेकंद बरोबर बसतात. साठ सेकंदांच्या खिडकीत २० टक्के म्हणजे बारा सेकंदांचे पिंग हरवायला लागतात, वर हरवला असं ठरवायला दोन सेकंद.

त्या तीन कॉम्प्युटरवर डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) हातानं ८.८.८.८ टाकलेला आहे का, बघा.

टॉवेलवाला | शनिवार, दुपारी ३.४१

होय! तिन्हींवर. आधी जो मुलगा यायचा त्यानं टाकला असणार. तुम्हाला इथं न बघता कसं कळलं?

विजापूर वेस | शनिवार, दुपारी ४.०५

वर म्हटलं होतं, मॉनिटरचा पत्ता त्या लाईनला बांधला जातो. ८.८.८.८ फायबरला बांधलेला. फायबर मेलं की ८.८.८.८ कडं जाणारं सगळंच मेलेल्या रस्त्यानं जातं, कॉम्प्युटरचा डीएनएससुद्धा. म्हणून जो पत्ता कुणी डीएनएस म्हणून वापरत असेल तो मॉनिटरला देऊ नये. फायबरला ९.९.९.९ द्या, फोर-जीला १.०.०.१ द्या, आणि सगळ्या कॉम्प्युटरना डीएनएस फायरवॉलकडूनच घेऊ द्या. हातानं टाकलेले काढा.

कुणी फायरवॉलमध्ये फायबर कंपनीचाच डीएनएस टाकला असेल तर तोही तपासा. पुष्कळ कंपन्यांचे डीएनएस फक्त त्यांच्याच नेटवर्कमधून आलेल्याला उत्तर देतात. फोर-जीवर गेल्यावर ते गप्प.

फोनचं कारण वेगळं. फायरवॉल प्रत्येक चालू संभाषणाची नोंद ठेवतो, तिला स्टेट म्हणतात. कुठलं संभाषण कुठल्या लाईननं निघालं हे त्यात असतं. वेबपेज नवं उघडलं की नवी स्टेट, ती नव्या लाईननं जाते. आयपी फोन मात्र त्याच पोर्टवरून सारखा आवाज देत राहतो, त्यामुळं जुनी स्टेट मरतच नाही आणि मेलेल्या लाईनलाच चिकटून राहते. सिस्टीम, ॲडव्हान्स्ड, मिसलेनियसमध्ये स्टेट किलिंग ऑन गेटवे फेल्युअर हा पर्याय आहे, तो चालू करा. लाईन पडली की त्या स्टेट कापल्या जातील आणि फोन नव्यानं नोंदणी करेल.

उलट दिशेला हाच त्रास होतो. फायबर परत आलं तरी जी संभाषणं फोर-जीवर सुरू झाली ती बराच वेळ तिथंच राहतात आणि सिमचा डेटा खातात. दिवसभराची अडचण संपल्यावर डायग्नोस्टिक्स, स्टेट्समध्ये जाऊन एकदा रिसेट केलेलं बरं. तेवढ्यानं सगळ्यांचं नेट क्षणभर तुटतं, म्हणून कुणी बिल करत नाही ना ते विचारून घ्या.

रिटर्न फायलर | शनिवार, संध्याकाळी ६.१५

नवी पेठेत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. एक प्रश्न आणि एक अनुभव.

आमच्याकडे आलेल्या माणसानं दोन्ही लाईन टियर १ ठेवल्या, म्हणाला, "ताई, दोन्हीचे पैसे भरताय तर दोन्ही वापरा, स्पीड दुप्पट मिळेल." झालं असं की बँकेच्या साईटवर लॉगिन केलं की दोन मिनिटांत बाहेर. रिटर्न भरण्याची २० तारीख, रात्रीचे नऊ, चलनाचे पैसे भरायचे, आणि चार वेळा ओटीपी घेऊन चार वेळा बाहेर फेकले गेले. क्लायंट समोर बसलेले. त्या रात्री मला रडू यायचं बाकी होतं. हे त्यामुळंच का?

विजापूर वेस | शनिवार, संध्याकाळी ६.५०

ताई, त्यामुळंच. दोन्ही टियर १ म्हणजे लोड बॅलन्सिंग. एक विनंती एका लाईननं, पुढची दुसऱ्या लाईननं. बँकेला एकाच लॉगिनमध्ये दोन वेगळे आयपी दिसतात, आणि सुरक्षेसाठी ती बाहेर काढते. तिनं काढलंच पाहिजे. स्टिकी कनेक्शन्सचा (एका कॉम्प्युटरला एकाच लाईनवर ठेवण्याचा) पर्याय आहे, पण तुमच्या कामाला एक टियर १, एक टियर २ हेच योग्य. एकाच डाऊनलोडचा स्पीड दुप्पट तर तसाही होत नाही, एक संभाषण एकाच लाईननं जातं.

रिटर्न फायलर | शनिवार, संध्याकाळी ७.०२

सोमवारीच बदलून घेते. धन्यवाद, भाऊ.

सात रस्ता | रविवार, सकाळी १०.२०

टॉवेलवाला, तुमच्याकडे सीसीटीव्ही आहे का? असेल तर हे नीट वाचा.

आमच्या दुकानात सोळा कॅमेरे, रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं. बॅकअपला रोज २ जीबीचं सिम. एकदा फायबर सकाळी गेलं, फोर-जी सुरू झालं, आम्ही निश्चिंत. अकराच्या आत २ जीबी संपले, नेट इतकं मंद की यूपीआयचा साउंडबॉक्ससोडून (त्याचं सिम वेगळं) काहीच चालेना. सगळं कॅमेऱ्यांनी खाल्लं होतं.

मग मी कॅमेऱ्यांसाठी वेगळा रूल केला आणि त्यात गेटवे म्हणून फक्त फायबर निवडला. पुढच्या वेळी फायबर गेल्यावर कॅमेरे थांबायला हवे होते. थांबले नाहीत! परत डेटा संपला. याचं कारण शोधायला मला आठवडा लागला: रूलमधला गेटवे डाऊन असेल तर पीएफसेन्स तो रूल रद्द करत नाही, त्यातला गेटवे काढून टाकतो आणि रूल तसाच ठेवतो. मग ती वाहतूक डिफॉल्टनं, म्हणजे फोर-जीनं जाते. मिसलेनियसमध्येच स्किप रूल्स व्हेन गेटवे इज डाऊन हा पर्याय आहे. तो लावायचा आणि त्या रूलच्या बरोबर खाली कॅमेऱ्यांना ब्लॉक करणारा दुसरा रूल ठेवायचा. दोन्ही हवेत. नुसता पर्याय लावला तर वरचा रूल गायब होतो, पण खालचा सगळ्यांना सोडणारा रूल कॅमेऱ्यांनाही सोडतो.

टॉवेलवाला | रविवार, सकाळी ११.००

आमचे बावीस कॅमेरे आहेत. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आजच बसतो.

वॉर्पिंग | रविवार, दुपारी १२.३०

फोर-जीचा डबा कुठं ठेवलाय ते बी सांगा. आमचा पत्र्याच्या शेडमध्ये होता. पत्र्याखाली सिग्नल येत नाही, आणि उन्हाळ्यात बाहेर ४२ असलं की आत डब्याला हात लावता येत नाही. तापून सारखा बंद होलालता. आता ऑफिसच्या उत्तरेच्या खिडकीत ठेवलाय, आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) उणे ११२ वरनं उणे ८८ वर आलं.

आणि लाईट. फायरवॉलला यूपीएस लावतेत आणि ओएनटी साध्या बोर्डवर. वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, की फायबर शाबूत असून बंद. फायबरला वाटेत स्प्लिटरला वीज लागत नाही, तुमच्या टोकाला डबा चालू पाहिजे एवढंच. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतोय, त्यावर डबा तासन् तास चालतोय.

दवाखाना | रविवार, दुपारी १.१५

संध्याकाळी आमच्या सिमवर टॉवरची गर्दी वाढली की उत्तराला ५००-६०० मिलिसेकंद लागतात आणि फोर-जीचा गेटवे डाऊन दिसतो. वापरायला मात्र चालतं. फायबर तेव्हाच गेलं तर?

विजापूर वेस | रविवार, दुपारी १.४०

तर फायरवॉल तिकडं जाणारच नाही, किंवा सारखा ये-जा करेल. फोर-जीच्या गेटवेच्या ॲडव्हान्स्डमध्ये लेटन्सीच्या (उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या) मर्यादा वाढवा. मी अशा लाईनला ८०० आणि १५०० मिलिसेकंद ठेवतो, पॅकेट लॉस (हरवलेले पिंग) ३० आणि ५० टक्के; पहिल्या आकड्याला इशारा, दुसऱ्याला डाऊन. बॅकअप रांगत का होईना चालला पाहिजे. फायबरच्या मर्यादा मात्र मूळच्याच असू द्या.

टॉवेलवाला, बाहेरून कुणी तुमच्या ऑफिसात जोडतं का? सिमवर तुम्हाला सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, बऱ्याचदा १००.६४ पासून सुरू होणाऱ्या सामायिक मालिकेतला मिळतो. बाहेरून आत येणारं पोर्ट फॉरवर्ड फोर-जीवर चालणार नाही.

टॉवेलवाला | रविवार, संध्याकाळी ५.३०

मालक घरून कॅमेरे बघतात, तेवढंच. फायबर गेल्यावर ते दिसणार नाहीत असं त्यांना सांगून ठेवलं. ते म्हणाले, "गाड्या निघू देत, कॅमेरे मी नंतर बघतो."

आज केलेलं: मॉनिटर पत्ते बदलले. तिन्ही कॉम्प्युटरचे डीएनएस काढले. स्टेट किलिंग लावलं. कॅमेऱ्यांचे दोन रूल लावले. ओएनटी यूपीएसवर घेतला. फोर-जीचा डबा कपाटावरून खिडकीत आणला. डिस्पॅचच्या भिंतीवर कागद चिकटवला: "वेबसाईट उघडत नसेल तर आधी दुसरी वेबसाईट उघडून बघा. तीही उघडली नाही तर लगेच मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, आणि डाईंगला माणूस पाठवा." गुरुवारी हा कागद असता तर दोन तास गेले नसते.

उद्या सकाळी आठच्या पाळीला परत पॅच कॉर्ड काढतो. या वेळी खरं बिल करताना.

टॉवेलवाला | सोमवार, सकाळी ८.५५

१६ सेकंद. अकराच्या अकरा कॉम्प्युटर चालले. फोन पाऊण मिनिटात परत बोलायला लागले. कॅमेऱ्यांचं अपलोड थांबलं, फोर-जीवर त्यांचा एक बाइटही गेला नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलनं मध्येच एकदा परत लॉगिन मागितलं, मग बिल निघालं. लातूरची गाडी ८.३१ ला गेटबाहेर पडली. पॅच कॉर्ड अजून लावलेली नाही, दुपारपर्यंत तशीच ठेवतो आणि डेटा किती जातो ते बघतो.

वॉर्पिंग | सोमवार, सकाळी ९.१०

टोपण घातलंय ना कॉर्डला? आपल्याकडं कापसाचा भुगा लई उडतो.

टॉवेलवाला | सोमवार, सकाळी ९.१२

घातलंय, आणि ओएनटीच्या भोकालाही.